बुडबुड्यातून निघालेली अंगठी

पोळ्याला मातीचे बैल करून झाले की उरलेला गोळा फेकू नका. अर्धा बटाटा घ्या, त्यावर 'क' कोरा (चाकू मोठ्या माणसाच्या हातात!) आणि गोळ्यावर दाबा. काय उमटलं? उलटा 'क'!

आता विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वी नखाएवढ्या खड्यावर बैल कोरणाऱ्या कारागिराची काय कसरत होत असेल! ठशात बैलाचं तोंड उजवीकडे हवं, तर खड्यावर डावीकडे कोरायचं. आणि वशिंड? ठशात ते सगळ्यांत उंच हवं, म्हणून खड्यावर तिथेच सगळ्यांत खोल खड्डा.

असा खडा बसवलेली अंगठी नुसती मिरवायची नव्हती. पत्राला दोरी बांधायची, गाठीवर ओली माती थापायची आणि वर अंगठी दाबायची. झालं कुलूप, झाली सही! ठसा फुटलेला दिसला की समजावं, कुणीतरी पत्र चोरून वाचलंय. 'मुद्राराक्षस' नाटकात तर चाणक्य शत्रूचीच अंगठी मिळवतो आणि तिचा ठसा उमटवून खोटं पत्र तयार करतो. चलाख ना?

बैल म्हणजे शंकराचा नंदी, हे तुम्ही ओळखलंच असेल. रोमन लोक दाणा ओढणारी मुंगी कोरायचे, तर जुने ख्रिस्ती मासा नाहीतर नांगर. शेतातला नव्हे बरं, जहाजाचा! ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही चित्र कळतंच.

हे खडे यायचे कुठून? लोणारच्या विवराचा काळा खडक आठवा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा पसरला, त्याचाच तो खडक. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि ढोकळ्यासारखी जाळी पडली. मग खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीत थरावर थर बसत गेले. तोच अकीक! त्यात लोह असलं तर लालसर. म्हणजे अंगठीतला खडा हा एकेकाळचा भरलेला बुडबुडा.

असे दगड पैठणहून भडोच बंदराला जायचे. वाट वीस दिवसांची, रस्ते धड नाहीत, माल गाड्यांवर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने हे लिहून ठेवलंय. खड्यावरही बैल, आणि बहुतेक गाडीलाही!

अकीक इतका कठीण की चाकू त्यावर नुसता घसरतो. म्हणून कारागीर बारीक सळईला तेल आणि कुरुंदाची भुकटी लावून ती गरगर फिरवायचा. कोरायची ती भुकटी, सळई नुसती तिला फिरवायची. वर खड्याला अशी झिलई की ओली माती सहसा चिकटतच नाही.

ओढ्यात कधी दुधी किंवा लालसर, थोडा आरपार उजेड जाणारा गोटा दिसला तर त्याच्या टोकाने जुन्या काचेच्या बाटलीवर रेघ ओढून पाहा. ओरखडा पडला तर तो अकीक असू शकतो. खिडकीच्या काचेवर मात्र हा प्रयोग नको, मार मिळेल!