दिल्लीची जामा मशीद : डागडुजी कोणाची?

शहाजहानची ही मशीद १६५६ साली पुरी झाली. अंगणात २५,००० माणसे मावतात. पाहुण्यांचे जोडे बाहेर; उन्हाळ्यात लाल दगडावर तळवे भाजतात. नमाजाच्या वेळी पाहुण्यांनी थांबायचे, हे रास्तच. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये एकट्यादुकट्या स्त्रियांना मज्जाव करणारी पाटी लागली. नायब राज्यपाल शाही इमामांशी बोलले, तेव्हा ती उतरली. नियम करणाऱ्याने जाब कोणाला द्यायचा? कारखान्यात आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो.

दुरुस्तीचेही तेच. मशीद वक्फची, केंद्राच्या संरक्षित स्मारकांत नाही. तरी १९५६ पासून पुरातत्त्व खाते ‘खास बाब’ म्हणून डागडुजी करते. खास बाब म्हणजे हक्क नव्हे, मेहेरबानी! जून २०२१ च्या वादळात मिनाराचे दगड कोसळले, तेव्हा इमामांना थेट पंतप्रधानांना पत्र लिहावे लागले.