चौकोनी जंगल

कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाताना रिक्षा नेहमीप्रमाणे अडकली होती. एका बाजूला मेट्रोचे खांब, समोर कंटेनरांची रांग, आणि खाली खाडी. वेळ घालवायला म्हणून खाली बघत होते, तर काठाजवळ खारफुटीचा एक पट्टा दिसला, आणि तो चौकोनांत उगवलेला होता. एकाला लागून एक असे आठ-दहा चौकोन, मधून सरळ रिकाम्या रेघा. जंगल असं वाढत नाही. कुणी लावलं असावं म्हटलं, तर लावणारेही ओळीत लावतात, चौकोनात नाही.

ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते हसून म्हणाले, "ती भातखाचरं आहेत. रेघा म्हणजे बांध. आमची एक विद्यार्थिनी तिथंच काम करते, जा तिच्याबरोबर."

म्हणून अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलाच्या काठावर उभी होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते शेवटी कळेल.

दिवस त्या विद्यार्थिनी मुलीने निवडला नव्हता, तो निवडला होता काकांनी. काका सत्तरीचे, आगरी, अंगात बनियन आणि कमरेला टॉवेल. चौकोनांपैकी तीन त्यांचे. मोबाइलवर भरतीचं कोष्टक असतं असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तिथीची पाऊणपट करायची. आज तीज. तिनाची पाऊणपट किती?"

"सव्वादोन."

"सव्वादोनला दर्याला भरती. आपल्याकडं पोचंपर्यंत अजून येळ लागतो. म्हंजे आता पानी उतरलेलं हाय. चला."

मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती, आणि नंतर रोज पाऊण-पाऊण तासाने पुढे. शिवाय बीज-तिजेला उधाण असतं, त्यामुळे ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा चिखल उघडा पडतो. मुलीला तोच हवा होता.

तिचं काम सांगायला सोपं आहे. काठापासून आत दोर ताणायचा, ठरावीक अंतरावर चौकट टाकायची, चौकटीतली झाडं आणि रोपं मोजायची, जातवार लिहायची, मातीचा नमुना पिशवीत भरायचा, आणि खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा एक थेंब दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर ठेवून त्यातल्या मिठाचा आकडा वाचायचा. बस. चिखल मात्र प्रत्येक पावलाला चप्पल मागत होता. तिसऱ्या पावलाला मी ती देऊन टाकली.

पहिल्या चौकोनात सगळं तिवर. करड्या सालीची, फार तर दीड पुरुष उंचीची झाडं, आणि बुडख्याभोवती जमिनीतून वर आलेली, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी शेकडो मुळं. चिखलात हवा नसते म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात, हे शाळेत वाचलेलं असतं. अनवाणी पायाने त्यांच्यामधून चालताना ते वेगळ्या रीतीने कळतं. मधल्या बांधावर मात्र तिवर नव्हतं. तिथं जमिनीलगत पसरलेली, फुगीर पानांची एक लालसर वेल होती, आणि बांध जरा उंच होता तिथं मिस्वाकचं झुडूप. मुलीने पट्टी लावली. खाचराचा तळ आणि बांधाचा माथा यांत जेमतेम दीड वितीचा फरक. त्या दीड वितीमुळे खाली रोज दोनदा पाणी चढतं आणि वर फक्त उधाणाला. खालच्या झाडाला वर जमत नाही, वरच्याला खाली. पुलावरून मला दिसलेल्या सरळ रेघा त्याच.

काकांनी तिवराचं एक पान तोडलं, उलटं केलं आणि मला म्हणाले, "चाट."

मी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली. चाटलं. मीठ. म्हणजे खारट चव नव्हे, जिभेवर कण लागले. तिवर मुळाशी बरंचसं मीठ अडवतं आणि जे आत शिरतं ते पानांवाटे बाहेर टाकतं. वैशाखात खाडीत वरून येणारं गोडं पाणी आटलेलं, ऊन कडक, त्यामुळे पानावर नुसती पांढरी पूड. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं; उन्हाळ्यात उघड्या चिखलात पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मागे राहतं, तेव्हा आकडा त्याच्याही वर जाऊ शकतो. त्या मिठात मुळं बुडवून उभी राहणारी झाडं फार थोडी.

"म्हणजे याला मीठ आवडतं," मी म्हटलं.

मुलगी थांबली. तिला हे वाक्य अनेकांनी ऐकवलं असावं. "नाही हो ताई. कॉलेजात कुंडीत लावलंय, नळाच्या पाण्यावर. मस्त वाढतंय. याला मीठ आवडत नाही, सोसतं. गोड्या जमिनीत याच्या आधी शंभर झाडं येऊन बसतात, याला जागाच मिळत नाही. इथं दुसरं कुणी येत नाही, म्हणून हे."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आगरी हे नावच आगरावरून आलेलं, मिठागरावरून. काका पुढे चालत होते, टाचांना भेगा, भेगांत चिखल. मी काही बोलले नाही.

वनस्पती एकेकट्या नव्हे तर समाज करून राहतात, आणि त्या समाजात कोण असेल हे पाणी, माती, मीठ ठरवतात, हे शास्त्र तसं जुनं. डेन्मार्कच्या यूजेनियस वॉर्मिंग यांचं वनस्पतिसमाजांवरचं पुस्तक 1895 सालचं, आणि त्यात सगळ्यात जास्त वजन पाण्याला. आपल्याकडे फरेदून भरुचा फ्रान्समध्ये ब्राउन-ब्लांके यांच्या हाताखाली हे शिकून मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले, आणि 1940च्या दशकात त्यांनी आणि नवलकरांनी मुंबईच्या खारफुटीत किती मीठ असतं ते मोजलं. आमच्या मुलीच्या हातातली नळी तेव्हा नसेल; चिखल हाच असणार.

उल्हास नदीची ही खाडी वसईला समुद्राला मिळते. तिकडून मीठ वर येतं. कल्याणकडून उल्हास, आणि तिला मिळालेल्या काळू-भातसा, गोडं पाणी खाली आणतात. भिवंडीचा काठ मध्ये. त्यामुळे वरच्या अंगाला जावं तसं तिवरासोबत चिपी दिसू लागते, उंच, झुकत्या फांद्यांची. काठाला काटेरी पानांची मारांडी दाट होते. मुलीच्या कागदावर रकाने बदलत जातात. जलपर्णी तर यातली पाहुणीच. पावसाळ्यात वरून वाहत येते, गोडं पाणी असेतो हिरवी दिसते, आणि पाणी खारं व्हायला लागलं की मरते. वैशाखात तिचे तपकिरी, वाळलेले गुंते तिवरांच्या मुळांत अडकून पडले होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मध्ये काका थांबले. तिथं एक मोडकी उघाडी होती: दगडी भिंत, मधोमध पोकळ चौकट, झडप गायब. बांधाच्या आतलं पाणी जास्त झालं की झडप आपोआप बाहेर ढकलली जाते आणि भरती आली की तिच्याच दाबाने बंद होते. कुणी उघडायला नको, मिटायला नको. खारभूमीची सगळी शेती या एका झडपेवर चालते. पहिल्या पावसाने जमीन धुवायची, खारं पाणी ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा पाऊस साठवायचा, आणि चिखलात मोड आलेलं बी फेकून रहू पेरायची. सरकारने यासाठी 1948 साली कायदा केला, 1979 साली नवा केला. बांध मात्र चिखलाचा तो चिखलाचाच.

"कधी फुटला?"

"वरीस नको इचारू. उधानाची रात. सकाळी बगतो तर शेतात मासं."

कुणी म्हणतं खेकड्यांनी पोखरला, कुणी म्हणतं फोडला. काकांनी दुरुस्तीसाठी अर्ज दिले, उत्तरं आली, माणसं आली नाहीत. दोन-तीन पावसाळे गेले आणि खाचरात तिवराची रोपं दिसू लागली. तिवराचं बी झाडावर असतानाच कोंब धरतं, भाद्रपदात गळतं, पाण्यावर तरंगतं आणि जिथं चार दिवस थारा मिळेल तिथं मूळ धरतं. खाचराइतका सपाट, बांधांनी लाटांपासून राखलेला थारा त्याला खाडीत दुसरा कुठं मिळणार? शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या भातासाठी जमीन समतल केली, ती तिवराच्या कामी आली.

आणि एकदा तिवर आलं की हात लावायचा नाही. उच्च न्यायालयाने 2005 साली खारफुटी तोडायला बंदी घातली, 17 सप्टेंबर 2018च्या निकालात ती कायम केली. मी त्या निकालाची बातमी वाचून आनंदले होते. आजही तो निकाल योग्यच वाटतो. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरच्या खारफुटीत काका नव्हते.

"आता किती राहिलं?"

"सात गुंठे." त्यांनी हात पुढे केला. एक वळसा घालून तिसऱ्या चौकोनाच्या मागे आलो, आणि खरंच एक खाचर होतं. कापलेल्या भाताचे सड, भेगाळलेली जमीन. एका कडेने मुंबईकडे पाणी नेणारा जाडजूड पाइप गेलेला. त्याच्या एका सांध्यातून संततधार गळती, आणि गळतीखाली, त्या खाऱ्या जमिनीत, पुरुषभर उंचीचं पाणकणीस, त्याच्या पायाशी चक्क अळू. दहा पावलांवर तिवर, इकडे अळू. मुलीने दोन्हीकडे चौकट टाकली. काकांचा नवा हातबांध त्या गळतीच्या पाण्याला धरून घातलेला. सात गुंठे जगले होते ते या फुकटच्या गोड्या पाण्यावर. मुंबईकराची बादली तेवढी कमी भरत असेल.

"म्हैस पन व्हती," ते सहज म्हणाले. "तीन वर्सं झाली इकली. चारा कोन कापनार?"

खाचराच्या खालच्या कडेला, हातबांधातून भरतीचं पाणी पाझरत होतं तिथं, घोट्याएवढी रोपं होती. गेल्या भाद्रपदातली. मुलीने चौकट टाकून मोजली आणि मोठ्याने म्हणाली, "तिवर, रोपं, अकरा." काका आभाळाकडे बघत होते.

परत निघताना पलीकडच्या भरावावर चढलो. मातीच्या ट्रकांनी पुरुषभर उंच केलेली जमीन, पुढे गोदामांचे निळे पत्रे. इथं भरती कधीच येणार नाही. एरंड, रुई, घाणेरी, सुबाभूळ. भिवंडीत कुठल्याही गोदामाच्या मागे हीच मंडळी. मुलीने या जागेसाठी वेगळं पान केलं नव्हतं. काकांना विचारलं, तिवराचा राग येतो का? ते म्हणाले, "तिवर आला तरी खाली जमीन हाय. बांध घातला तर उद्या भात व्हईल. ह्यो भराव आला का जमीनच नाय."

मी दुसऱ्यांदा गेले ती हरितालिकेला. पुन्हा तीज, पुन्हा सव्वादोन. दोन महिन्यांच्या पावसाने खाडी तपकिरी झाली होती आणि जलपर्णीचे हिरवे तराफे समुद्राकडे निघाले होते. गावात बाया पत्री गोळा करत होत्या. त्या पत्रीत आघाडा असतो, रुई असते, डोरली असते. दारातल्या तिवराला जागा नाही. मी पहिल्या चौकोनात जाऊन आपणहून पान उलटं करून चाटलं. काहीच लागलं नाही. पावसाने धुतलेलं, कुठल्याही पानासारखं पान. नळीतला आकडाही पार खाली उतरला होता. वर्षातले हे थोडे आठवडे तिवरालाही गोडं पाणी मिळतं, आणि नेमकं तेव्हाच ते बी सोडतं. पाण्यावर सगळीकडे फिकट हिरवी, बदामाच्या आकाराची बियाणं तरंगत होती.

सात गुंठ्यांत भात पोटरीला आलं होतं. वाऱ्याने हलत होतं, आणि त्याचा तो ओला, दुधाळ वास; मधूनच खाडीचा कुजका. मुलीने खुणेचा खुंटा शोधला, खालच्या कडेला चौकट टाकली, आणि वाकून बराच वेळ बघत राहिली. मऊ, नुकताच चाळवलेला चिखल. कागद उलटून तिने वैशाखातला आकडा पाहिला.

"काका, इथं अकरा रोपं होती."

काका बांधावर बसून विडी पेटवत होते. "आसतील."

"आता एक पण नाही."

"गुरांनी खाल्ली."

खारफुटी गुरं खातात, म्हशी तर आवडीने. पण कुणाची गुरं, ते मुलीने विचारलं नाही. मीही नाही. तिने पेन्सिलीला टोक केलं, रोपांच्या रकान्यात शून्य घातलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात, जरा थांबून, लिहिलं: चराई.

"चला," काका उठत म्हणाले, "सव्वादोनची भरती हाय."