अमेरिकेत शिकून स्वतःची कंपनी: मालक होणं सोपं, कामाला लागणं अवघड

एमएस करताना प्रोजेक्टमधून एखादं ॲप तयार होतं, दोन-चार ग्राहक मिळतात आणि मनात येतं, आता कंपनीच काढूया. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत कंपनी काढता येते का? हो, येते. पण त्या कंपनीत काम करता येतं का? इथे उत्तर बदलतं.

लिनक्स वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल. फाइल तुमच्या मालकीची असली तरी ती चालवायची परमिशन वेगळी असावी लागते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातही तसंच आहे. कंपनी नोंदवणं आणि शेअर्स बाळगणं ही झाली मालकी. तिच्यासाठी कोड लिहिणं, ग्राहक सांभाळणं हे झालं काम. पगार घेतला नाही म्हणून ते ‘काम नाही’ असं होत नाही. पुढचे बहुतेक नियम याच फरकातून निघतात.

पहिले १२ महिने: ओपीटी

पदवीनंतर एफ-१ विद्यार्थ्याला १२ महिन्यांची ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे ओपीटी, मिळते. यात स्वतःचा व्यवसाय चालतो. मात्र काम तुमच्या पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं हवं आणि धंद्याला लागणारी लायसन्स हवीत. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीवर सॉफ्टवेअर कंपनी चालेल, फूड ट्रक चालणार नाही. या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही आणि आठवड्याला किमान २० तास काम झालं तरच ते रोजगारात धरलं जातं. म्हणून करार, बिलं, कामाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

पुढचे २४ महिने: इथेच घोडं अडतं

इंजिनिअरिंग, विज्ञान, गणित अशा विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिन्यांची स्टेम ओपीटी मिळते. पण इथे कंपनी ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेली लागते आणि आय-९८३ या फॉर्मवर ट्रेनिंगचा आराखडा द्यावा लागतो. त्यावर एम्प्लॉयरची सही लागते, आणि स्वतःच स्वतःचे एम्प्लॉयर होऊन ती सही तुम्हाला करता येत नाही.

म्हणजे एकट्याने चालवलेली कंपनी पहिल्या वर्षी नियमात बसते, पण १३व्या महिन्यात तीच बसत नाही. स्टार्टअपला बंदी नाही. तुमच्यावर देखरेख ठेवणारं, तुमचं मूल्यमापन करणारं आणि खरोखर अधिकार असलेलं कुणीतरी कंपनीत हवं. पगारही तशाच कामाच्या अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या तोडीचा हवा. त्यात शेअर्सचा भाग असू शकतो, पण नुसत्या भविष्यातल्या स्वप्नांवर भागत नाही. असा सह-संस्थापक ११व्या महिन्यात शोधून सापडत नाही.

एच-१बी: मालकालाही, पण अटींवर

एच-१बीच्या वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी. कंपनीवर ज्याचं नियंत्रण आहे त्याला ही वाट पूर्वी फार अंधुक होती. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने ती स्पष्ट केली. निम्म्याहून जास्त हिस्सा तुमचा असला तरी तुमची कंपनी तुमच्यासाठी अर्ज करू शकते. मात्र तुमचा बहुतांश वेळ पदवीची गरज असलेल्या कामात जायला हवा. पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी १८ महिन्यांपुरतीच मिळते. इतरांना एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळू शकते. शिवाय त्या भागातला ठरलेला किमान पगार कंपनीने तुम्हाला द्यायलाच हवा, म्हणजे खात्यात तेवढे पैसे हवेत.

सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची रक्कम लावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की अमेरिकेतच राहून एफ-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ती लागू नाही. त्यामुळे स्टेटस बदलाचा अर्ज प्रलंबित असताना गणपतीला घरी येण्याचं तिकीट काढण्याआधी वकिलाला विचाराच.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

*ओ-१:* असाधारण कामगिरीचा व्हिसा. लॉटरी नाही. सहसा आठपैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. तुमच्याच मालकीची, पण कायद्याने स्वतंत्र असलेली कंपनी अर्ज करू शकते.

*इंटरनॅशनल आंत्रप्रेन्योर पॅरोल:* हा व्हिसा नाही, तात्पुरती परवानगी आहे. आधी अडीच वर्षं, मग आणखी अडीच. स्टार्टअप पाच वर्षांच्या आतली, तुमचा हिस्सा किमान १० टक्के आणि पात्र गुंतवणूकदारांचे किमान ३,११,०७१ डॉलर, असा ऑक्टोबर २०२४ पासूनचा ढोबळ निकष आहे.

*ई-२:* गुंतवणूकदारांचा हा व्हिसा ऐकायला सोपा वाटतो, पण करार नसल्यामुळे भारतीय नागरिकांना मिळत नाही.

*एल-१ए:* पुण्यात परत येऊन कंपनी उभारली आणि तिथे व्यवस्थापकाच्या पदावर सलग एक वर्ष काम केलं, तर अमेरिकेत शाखा काढून तिथे जाण्याचा हा मार्ग आहे. नव्या शाखेला सुरुवातीला एकच वर्ष मिळतं.

ग्रीन कार्ड: रांग वेगळी, परवाना वेगळा

ईबी-२ मधल्या नॅशनल इंटरेस्ट वेव्हरसाठी एम्प्लॉयर लागत नाही, अर्ज स्वतः करता येतो. तुमचा उपक्रम देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि तो पुढे नेण्याची तुमची कुवत आहे, हे दाखवावं लागतं. पण एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. अर्ज मंजूर झाला की रांगेत जागा पक्की होते, पण नुसत्या मंजुरीने काम करायची परवानगी मिळत नाही. तोवर वरच्यापैकी कुठलं तरी स्टेटस टिकवावंच लागतं.

मग आधी काय ठरवायचं?

कंपनीचं नाव आणि लोगो नंतर. आधी एका कागदावर तीन तारखा लिहा: ओपीटी सुरू, ओपीटी समाप्त, स्टेम ओपीटी समाप्त. प्रत्येक टप्प्यासमोर लिहा, या काळात मला कामाची परवानगी कुणाच्या सहीने मिळणार आहे? जिथे उत्तर ‘माझ्याच’ येईल, तिथे थांबून नियम तपासा. सह-संस्थापक कोण, कुणाचा हिस्सा किती, बोर्डावर कोण, हे निर्णय याच कागदावरून घ्या. एकदा शेअर्स वाटले की ते बदलणं महागात पडतं, आणि परवानगीशिवाय केलेलं काम पुढच्या अर्जांमध्ये आडवं येतं.

हे नियम वरचेवर बदलतात. त्यामुळे कंपनीच्या वकिलाइतकाच इमिग्रेशनचा वकीलही गरजेचा आहे, आणि दोघांशी बोलायची वेळ कंपनी नोंदवण्याच्या आधीची.