संगणक सुरूच होत नाही, तेव्हा...

मुलांच्या अभ्यासासाठी कोणाच्या तरी कचेरीतून निघालेला जुना डेस्कटॉप संगणक घेतलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत, महाविद्यालयाचा प्रकल्प, सारे त्याच्याच पोटात असते. आणि नेमक्या अखेरच्या तारखेला बटण दाबावे तर काहीच नाही. घरचे म्हणतात, "मेला." दुरुस्तीवाला म्हणतो, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." त्याचे ऐकून पैसे मोजण्यापूर्वी अर्धा तास स्वतः खर्च करावा, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही अभियंते नव्हेत. कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेतील कारकुनी. परंतु वीज कोठून येते व कोठे जाते एवढे समजले, की दोष कोठे असावा याचा अंदाज कोणालाही बांधता येतो.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा राहतो, हा एक आजार. पंखा नाही, दिवा नाही, काहीच हालचाल नाही, हा दुसरा. पहिल्यात वीज आत पोहोचलेली असते. तेव्हा मॉनिटरचे बटण, त्याची केबल व रॅम पाहावी. दुसऱ्यात विजेची वाटच कोठेतरी अडलेली असते. ती भिंतीपासून आत शोधत यावे, आतून बाहेर नव्हे.

ज्या सॉकेटला संगणक आहे तेथे टेबललॅम्प लावून पाहावा. मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्पाइक गार्ड असेल तर तो काढून संगणक थेट भिंतीला जोडावा. हे बोर्ड बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सैल झालेले असतात. बहुतेक मॉनिटरची व कॅबिनेटची वायर एकाच जातीची असते. दोन्हींची अदलाबदल करावी. पैसा न लागणारी याहून चांगली परीक्षा नाही. मग कॅबिनेटच्या पाठीमागे पाहावे. तेथे बहुधा एक लहान स्विच असतो. उभी रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. झाडलोट करताना हात लागून तो बंद होतो आणि घरभर शोककळा पसरते. जुन्या यंत्रांत याच्याजवळ 115 व 230 असे आकडे असलेला आणखी एक स्विच असतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून वीज सोडली तर एसएमपीएस जळण्याचीच शक्यता अधिक.

हा एसएमपीएस म्हणजे मागच्या बाजूची पंखा असलेली लोखंडी पेटी. भिंतीतील 230 व्होल्टची वीज घेऊन ती 12, 5 व 3.3 व्होल्टची करून आत वाटणे हे तिचे काम. फार जुन्या संगणकांत पुढचे बटण घरातील दिव्याच्या बटणासारखे थेट वीज तोडी-जोडी. 1995 साली एटीएक्स पद्धत आली आणि ते बटण केवळ इशारा देणारे झाले. संगणक बंद दिसत असतानाही एसएमपीएस 5 व्होल्टची थोडी वीज मदरबोर्डला पुरवीत असतो. म्हणून कित्येक मदरबोर्डवर एक बारीक दिवा कायम जळत असतो. झाकण काढून तो दिवा पाहावा. तो जळत असूनही बटणाला दाद मिळत नसेल, तर बटण किंवा त्याच्या वायरींचा संशय घ्यावा. अशा वेळी प्लग काढून रीसेट बटणाची वायर पॉवर बटणाच्या पिनांवर लावावी, प्लग पुन्हा लावून रीसेट दाबावे. संगणक सुरू झाला तर दोष दोन-चार रुपयांच्या बटणात होता. नेहमी जळणारा दिवा विझलेला असेल, तर बोट एसएमपीएसकडे जाते.

एक सोपा उपाय त्याआधी करावा. प्लग काढून पुढचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा जोडावे. विजेच्या झटक्याने एसएमपीएसचे संरक्षण अडकून बसले असेल तर ते कधी कधी याने सुटते.

पंखा फिरूनही पडदा काळा असेल, तर प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी व खटका बसेपर्यंत परत बसवावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, ही युक्ती फार उपयोगी पडते. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणीही घट्ट आहे ना पाहावी. ती सुटली तर पंखे फिरतात, काम मात्र होत नाही. मदरबोर्डवरील नळकांडीसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली, तर मात्र पुढचे काम कारागिराचे.

एसएमपीएसची पेटी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात 300 व्होल्टहून अधिक दाबाची वीज काही काळ साठून राहू शकते. जळका वास किंवा तडतड आवाज आला, तर प्रयोग तेथेच थांबवावेत.

दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर "बंद आहे" एवढेच सांगू नये. दिवा जळतो की नाही, पंखा फिरतो की नाही, कोणती वायर बदलून पाहिली, हे सांगावे आणि दुसरा चांगला एसएमपीएस लावून दाखविण्याचा आग्रह धरावा. मदरबोर्ड खरोखरच गेला असला, तरी तुमचे अर्ज व प्रकल्प त्यात नसतात. ते हार्ड डिस्कवर असतात. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुधा सारे जसेच्या तसे मिळते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की लागते. ती आजच वहीत उतरवून ठेवावी. आणि जुना संगणक भंगारात द्यायचा झालाच, तर डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नये.