हसवण्याचा अधिकार

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने मला दिल्लीत स्टँड-अप कॉमेडीच्या एका प्रयोगाला नेले. सहा कलाकारांत एकच तरुणी होती. निवेदकाने पाचही पुरुषांची ओळख नावानिशी करून दिली. तिच्या वेळी मात्र 'आता एक मुलगी येते आहे, टाळ्या जोरात हव्यात,' असे म्हटले. एकटीने भाड्याचे घर शोधताना आलेल्या अनुभवांवर ती बोलली. मागे बसलेले गृहस्थ पुटपुटले, 'बायकांचे विषय ठरलेलेच!' त्याआधी दोघा पुरुषांनी आपापल्या लग्नावरच वीस मिनिटे घेतली होती. त्यांना कोणी 'पुरुषांचे विषय' म्हटले नाही.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला याचे नवल वाटले नाही. कोलकात्याच्या बंगाल थिएटरने १८७३ मध्ये अभिनेत्रींना रंगमंचावर आणले, तेव्हा विधवाविवाहासाठी झटलेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनीही त्याला विरोध केला होता. हिंदी चित्रपटात १९४७ च्या 'दर्द'मधून गायिका म्हणून गाजलेल्या उमादेवी पुढे 'टुणटुण' झाल्या आणि त्यांचा स्थूल देह हाच विनोद ठरला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल'मध्ये गुत्थी, पलक आणि दादी या तिन्ही स्त्रिया पुरुषांनीच रंगवल्या. स्त्रीवर हसण्याची आपल्याला जुनी सवय आहे.

स्टँड-अपमध्ये वेश नसतो, पात्र नसते. कलाकार 'मी' म्हणून उभा राहतो आणि जगाविषयी आपले मत सांगतो. अदिती मित्तल २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर अशाच उभ्या राहिल्या. तरीही २०१८ च्या 'कॉमिकस्तान'च्या पहिल्या पर्वात सात परीक्षकांमध्ये स्त्री एकच होती. एकटी असली की तिच्यावर साऱ्या स्त्रीजातीचे ओझे येते. पुरुषाचा विनोद फसला तर त्या एकट्याचा फसतो. तिचा फसला तर 'बायकांना विनोद जमतच नाही' असा निकाल लागतो.

या दोषातून मीही सुटलेलो नाही. उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात जिल्हाधिकारी असताना हास्यकविसंमेलन भरवण्याचे काम माझ्याकडे आले. निमंत्रितांतील एकमेव कवयित्रीने आम्हा अधिकाऱ्यांवरच एक उपहासात्मक कविता लिहून आणली होती. मी प्रथेप्रमाणे तिला आरंभी सरस्वतीवंदनेला उभे केले आणि नंतर 'एखादे गोड गीत म्हणा' असे सुचवले. तिने गीत म्हटले. ती कविता तिच्या वहीतच राहिली. पुढचे तीन तास कवींनी आपापल्या बायकांची टिंगल केली आणि पहिल्या रांगेत बसून मी मनमुराद हसलो. शेजारी माझी पत्नी होती. ती हसली की नाही, मला सांगता येणार नाही; मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते.

एका प्रयोगात एकीऐवजी तिघी असतील, तर कोणालाच साऱ्या स्त्रियांची प्रतिनिधी व्हावे लागणार नाही. आयोजकांनी एवढे जरूर करावे, आणि ओळख नावानिशी करून द्यावी.

परतताना भाचीने विचारले, 'मामा, ती कशी वाटली?'

'दोन विनोद छान जमले, एक फसला,' मी म्हणालो. त्या पाच पुरुषांविषयीही मी याहून वेगळे काही सांगितले नसते.