ठिपक्यांचा पुंजका

मनरेगातून झालेल्या विहिरी, शेततळ्यांचे फोटो २०१६च्या सुमारास अक्षांश-रेखांशासह इस्रोच्या ‘भुवन’ नकाशावर चढू लागले. समजा, अशा विहिरींचे ठिपके आपण मांडले. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचं शिवार जवळून पाहिलं तर प्रत्येक विहीर सुटी दिसेल. अख्खा हिंगोली जिल्हा पडद्यावर घेतला, की ठिपके एकमेकांवर चढतात आणि साखरा त्या गर्दीत हरवतं.

मोफत मिळणाऱ्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये, २०१८च्या ३.० आवृत्तीपासून, यावर ‘पॉइंट क्लस्टर’ हा उपाय आहे. आपण एक अंतर ठरवून द्यायचं, उदाहरणार्थ मिलिमीटरमध्ये. तेवढ्यात येणारे ठिपके एकाच वर्तुळात जमा होतात, वर्तुळावर त्यांची संख्या येते. हे मिलिमीटर पडद्यावरचे, जमिनीवरचे नव्हेत! म्हणूनच नकाशा जवळ आणला की पुंजका फुटतो; आधी गावं वेगळी होतात, मग विहिरी.

मात्र वर्तुळ जिथे दिसतं तिथे विहीर असेलच असं नाही. शिवेजवळच्या पुंजक्यात शेजारच्या गावाची विहीरही मोजली जाते. म्हणून कुठल्या गावाला किती कामं मिळाली, हे या आकड्यांवरून मुळीच ठरवू नये. त्यासाठी गावांच्या हद्दींचा थर घेऊन प्रत्येक हद्दीतले ठिपके मोजावेत. क्यूजीआयएसमध्ये तीही सोय आहे.