रात्री मोजायचे, दिवसा मागायचे

बेघरांसाठीच्या निवाऱ्याचा अर्ज बेघर माणूस कधीच करत नाही. त्याच्याकडे पत्ता नसतो आणि सरकारी अर्ज सुरूच होतो तो पत्त्याच्या रकान्यापासून. त्याच्या वतीने मागायचे ते महापालिकेने किंवा नगरपरिषदेने. तिथल्या नागरी उपजीविका अभियानाच्या कक्षात, बहुतेक ठिकाणी समाज विकास विभागाच्याच आसऱ्याने, शहर अभियान व्यवस्थापक आणि समुदाय संघटक हा प्रस्ताव तयार करत. सर्वेक्षणाचा अहवाल, जागेची कागदपत्रे, नकाशा, दरसूचीप्रमाणे काढलेले अंदाजपत्रक, पाच वर्षांच्या देखभालीचा हिशेब, एवढे सगळे एका फाइलीत जमले की ती राज्याच्या प्रकल्प मंजुरी समितीसमोर जाई. पुढे त्या इमारतीत रात्री किती माणसे झोपणार, हे बऱ्याच अंशी याच कागदांत ठरून गेलेले असे.

हा प्रस्ताव ज्या अनुदानासाठी असे, त्याचे अधिकृत नाव ‘नागरी बेघरांना निवारा’. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सप्टेंबर २०१३ ते सप्टेंबर २०२४ चालले, दरम्यान त्याच्या नावाआधी ‘दीनदयाळ अंत्योदय योजना’ लागले, आणि निवारा हा त्याचा एक घटक झाला. त्याआधी पदपथावर राहणाऱ्यांसाठी केंद्राची एक रात्रनिवारा योजना होती. १९८८-८९ मध्ये सुरू झालेली ती योजना २००५ मध्ये राज्यांच्या गळ्यात टाकून केंद्र मोकळे झाले. मधल्या आठ वर्षांत बेघरांना देशाच्या अंदाजपत्रकात जवळजवळ जागाच नव्हती.

ती परत मिळाली न्यायालयामुळे. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, दिल्लीच्या महापालिकेने पुसा रोडच्या चौकातला एक तात्पुरता निवारा हटवला. थंडीने माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या. अन्नाच्या हक्काचा खटला २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू होता, आणि त्यात न्यायालयाने नेमलेले आयुक्त होते एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिले. उपाशी आणि उघड्यावरच्या माणसाला थंडी आधी मारते, म्हणून निवारा हा अन्नाच्या हक्काशी जोडलेला प्रश्न आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यावर न्यायालयाचा दिल्लीपुरता निघालेला आदेश त्याच वर्षी देशातल्या मोठ्या शहरांना लागू झाला: दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय, चोवीस तास आणि बारा महिने. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दिसते ते प्रमाण इथून आले आहे. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे या हिशेबाने शंभर जणांचे निवारे लागतात सव्वाशेच्या आसपास. शहर त्या आकड्याच्या जवळपासही कधी पोहोचले नाही.

प्रस्तावातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे मोजणी. जनगणनेत बेघरांसाठी एक वेगळी रात्र राखलेली असते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची होती. रस्त्याच्या कडेला, ह्यूम पाइपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर झोपलेली माणसे त्या एका रात्रीत मोजली गेली. देशभरात १७ लाख ७३ हजार, त्यातली शहरांमधली ९ लाख ३८ हजार. महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त आणि मुंबईत सुमारे ५७ हजार. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना हे आकडे कधीच पटले नाहीत, आणि त्यांची बाजू समजायला रात्री एकदा बाजारपेठेत जावे लागते. हमाल, फुलबाजारात माल उतरवणारे, लग्नकार्यात वाढप्याचे काम करणारे, कचरा वेचणारे यांची कामाची वेळच रात्रीची असते. गणक येतो तेव्हा त्यांची वळकटी एखाद्या दुकानाच्या फळीवर असते आणि माणूस कामावर. एकट्या बाया अंधारात दिसणार नाहीत अशाच जागा शोधतात. पोलिसांनी किंवा पालिकेच्या गाडीने वारंवार उठवलेली कुटुंबे कागद-पेन घेतलेला माणूस दिसला की सामान आवरतात. मुंबईच्या पदपथांवर पिढ्या काढलेल्या पारधी कुटुंबांना तर विचारपूस आणि चौकशी यांतला फरक अनुभवाने शिकावा लागला आहे.

म्हणून चांगला प्रस्ताव जनगणनेच्या आकड्यावर थांबत नाही. अभियानाला स्वतंत्र सर्वेक्षण अपेक्षित होते, आणि ते नीट करायचे तर एका जागी दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी जावे लागते. सोबत त्या भागात आधीपासून ओळख असलेला कार्यकर्ता लागतो. किती माणसे, एवढ्यावर भागत नाही. एकटे पुरुष किती, कुटुंबे किती, म्हातारी किती, मानसिक आजाराने ग्रासलेली किती, कुठले काम करतात आणि ते काम झोपण्याच्या जागेपासून किती लांब आहे, हे सगळे नोंदवावे लागते. ज्या शहराने हे टाळले आणि नोंदीत ‘बेघर आढळले नाहीत’ असे लिहून दिले, त्या शहराला अनुदान मागण्याचे कारणच उरत नाही. ही सोय अनेक नगरपालिकांनी वापरली, हे या विषयातले सर्वांत दुःखद सत्य आहे. लांबलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या आकड्यांवर पुढची कित्येक वर्षे प्रस्ताव उभे राहतील.

मोजणीनंतर जागा. सूचना सांगतात की माणसामागे किमान ५० चौरस फूट हवे. पन्नास जणांच्या निवाऱ्याला अडीच हजार चौरस फूट लागले, शिवाय न्हाणीघरे, स्वयंपाकाची जागा, सामान ठेवायला कुलूपबंद कप्पे. योजना बांधकामाला आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला पैसे देत होती, जागा मात्र शहराने आपली शोधायची. मग नजर जाते बंद पडलेल्या पालिका शाळेकडे, रिकाम्या समाजमंदिराकडे किंवा गावाबाहेरच्या आरक्षित भूखंडाकडे. भूखंड मिळतो, कागद पूर्ण होतात, इमारत झकास उभी राहते, आणि तिथे झोपायला कुणी येत नाही.

का येत नाही, याचे उत्तर मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ मध्येच मिळाले होते. १९८१ साली पावसाळ्यात पदपथावरच्या लोकांना हुसकावण्याच्या कारवाईतून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. माणूस पदपथावर राहतो कारण त्याचे काम तिथून जवळ आहे, हे त्या निकालाने मान्य केले. निकालाने हटवण्याची कारवाई कायमची थांबली नाही, पण निवाऱ्याची जागा कशी निवडावी हे मात्र त्यात लख्ख दिसते. पहाटे चारला मंडईत हजर राहायचे असलेला हमाल सात किलोमीटरवरच्या स्वच्छ गादीसाठी रोजची मजुरी सोडणार नाही. हातगाडी बाहेर ठेवावी लागणार असेल तर गाडीवाला गाडीवरच झोपेल. नवराबायकोला दोन वेगळ्या इमारतींत पाठवणारा निवारा कुटुंबांना नकोच असतो. म्हणून सूचनांमध्ये रेल्वे स्थानक, बस आगार, घाऊक बाजार यांच्या जवळची जागा सुचवलेली आहे, आणि स्त्रियांसाठी, कुटुंबांसाठी, वृद्धांसाठी, आजारातून उठणाऱ्यांसाठी वेगळ्या निवाऱ्यांची तरतूद होती.

जागेचा प्रश्न चेन्नईने एका बाबतीत फार शहाणपणाने सोडवला. सरकारी रुग्णालयांच्या आवारातच तिथल्या महापालिकेने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारे उभारले. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर दिवस काढणारी कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला या एका निर्णयाचे मोल सांगावे लागणार नाही. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांना व त्यांच्या माणसांना आधार देते. लोकवर्गणीतून जे जमले ते सरकारी अनुदानातून आणखी मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे होते.

आता पैसा. सुरुवातीला खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा होता. पुढे हे प्रमाण ६०:४० झाले. बांधकामाची रक्कम मोठी दिसते, पण निवारा जगला तो देखभालीच्या अनुदानावर: पन्नास जणांच्या निवाऱ्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये, पाच वर्षांपर्यंत. या आकड्याची फोड करून पाहावी. महिन्याला पन्नास हजार. माणशी महिन्याला एक हजार. दिवसाला सुमारे तेहतीस रुपये. एवढ्यात व्यवस्थापक, चोवीस तासांच्या तीन पाळ्यांचे काळजीवाहक, सफाई, वीज, पाणी, चादरी धुणे, औषधाची पेटी आणि ढेकूण-डासांचा बंदोबस्त बसवायचा. राहणाऱ्यांकडून उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्यापर्यंत शुल्क घेण्याची मुभा होती, परंतु ज्यांना खरोखर निवारा हवा त्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाकडून घेणार काय?

प्रस्ताव लिहिणाऱ्याचे कसब इथे लागते. अनुभवी माणूस देखभालीच्या हिशेबात वास्तव पगार धरतो आणि कमी पडणारी रक्कम पालिकेच्या कुठल्या निधीतून येईल ते आधीच लिहून ठेवतो. पालिका स्वतःची वास्तू वीज-पाण्यासह देणार का, जवळच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार का, जेवणासाठी बचत गटाला जोडता येईल का, या गोष्टी कागदावर नसतील तर पुढे त्या होत नाहीत. नवखा माणूस ६ लाखांच्या चौकटीत सगळे कोंबतो, प्रस्ताव मंजूर होतो, आणि दुसऱ्या वर्षी रात्रपाळीचा काळजीवाहक कमी केला जातो. रात्रपाळीला माणूस नसलेल्या निवाऱ्यात बाई मुक्कामाला येत नाही.

शिवाय रक्कम एकदम हातात पडत नाही. ती हप्त्यांनी येते, आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून पालिकेकडे, पालिकेकडून निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे, अशा प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो. कोल्हापूर, सांगली, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत स्वयंसेवी संस्था पालिकेच्या सोबतीने निवारे चालवतात. बिल अडकले म्हणून संस्थेला निवाऱ्याला कुलूप घालता येत नाही, आत माणसे असतात. मग उसनवारी, देणगीदारांना फोन, वाण्याची उधारी. या संस्थांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे ज्या चिकाटीने हे निभावतात, तिची दखल कुठल्याही अहवालाच्या रकान्यात घेतली जात नाही. ती घेतली गेली पाहिजे.

न वापरलेला पैसा हा याच यंत्रणेचा दुसरा दोष. दिलेला निधी राज्ये खर्चच करत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयासमोर निवाऱ्यांबाबतच्या ई. आर. कुमार खटल्यात आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून प्रत्यक्ष किती निवारे आहेत आणि ते कसे चालतात, याची पाहणी करायला लावली. अहवाल आल्यावर २०१८ मध्ये राज्यांमध्ये देखरेख समित्या नेमण्याचा आदेश निघाला.

तरीही, नीट चाललेला निवारा काय करू शकतो हे पाहिले की या कागदांसाठी झगडावेसे वाटते. निवाऱ्याने माणसाला ओळखपत्र, शिधापत्रिका, बँक खाते, निवृत्तिवेतन मिळवून द्यावे, हे योजनेतच अंतर्भूत होते. मतदार यादीसाठी बेघर माणसाला राहण्याचा लेखी पुरावा लागत नाही. तो सांगतो त्या जागी खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे असते. उघड्यावर ही पडताळणी हुकते, निवाऱ्यात ती सहज होते. वर्षानुवर्षे कुठल्याच नोंदीत नसलेला माणूस शिधावाटप दुकानाच्या रांगेत स्वतःच्या नावाने उभा राहतो, तेव्हा त्या ६ लाखांचा पै-पैसा सत्कारणी लागलेला असतो.

निवाऱ्यापुढची पायरी मात्र योजनेत नव्हती. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी कायद्यातून वाढलेल्या अनुदान पद्धतीत एका भागातल्या सगळ्या संस्था मिळून एकत्रित अर्ज करतात, जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या एका रात्रीच्या मोजणीचा आधार घेतात आणि मिळालेल्या पैशाचा मोठा भाग माणसाला भाड्याच्या घरात कायमचे बसवण्यावर खर्च करत आल्या आहेत. तिथे बेघरपणा संपलेला नाही, पण अर्जाचा रोख घराकडे राहिला आहे. आपल्याकडे निवारा आणि घर या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान मिळते, पण त्यासाठी पायाखाली स्वतःची जमीन लागते. स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना २०२० मध्ये आली. तिचे भाडे देणे रोज मजुरी शोधणाऱ्याला कितपत झेपणार? निवाऱ्यात दोन वर्षे काढून, काम टिकवून, चार पैसे साठवलेल्या माणसाला भाड्याच्या खोलीची अनामत भरायला मदत करणारा एक साधा रकाना या प्रस्तावात असायला हवा.

उपजीविका अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. शहरी गरिबांसाठीचे नवे अभियान आखले जात असून त्यात बेघरांच्या निवाऱ्याचा विचार आहे, असे केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. दरम्यान ज्या निवाऱ्यांची पाच वर्षे भरली, त्यांचा भार महापालिकांच्या अंदाजपत्रकावर येतो. ती अंदाजपत्रके दर वर्षी आर्थिक वर्ष संपण्याच्या सुमारास मांडली जातात, आणि ती कुणाही नागरिकाला पाहता येतात. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: बेघर निवाऱ्यासाठी वेगळे लेखाशीर्ष आहे का, त्यात तीनही पाळ्यांच्या पगाराइतकी रक्कम आहे का, आणि मागच्या वर्षी ठेवलेली रक्कम खर्ची पडली का.